भोंगा कोणाच्या हातात?

सकाळचा भोंगा वाजला की लाँड्रीच्या कोपऱ्यातल्या बंद इस्त्रीयंत्राचं पायडल आपोआप खाली जायचं. जेवणाच्या भोंग्याला थांबायचं आणि पुढच्या भोंग्याला परत सुरू. मालकांनी वायर काढून टाकली, तरी पायडल आपलं चालूच. कामगार तिकडे पाठ करून चादरींच्या घड्या घालत. पण त्या यंत्राशेजारी खुंटीवर टांगलेला रिकामा एप्रन घामेजायला लागला, तेव्हा भल्याभल्यांची बोबडी वळली.

त्या यंत्रावरचा इस्त्रीवाला वाफेची नळी फुटून गेला होता. त्याची बायको भरपाई मागायला आली, तर मालकांनी हात झटकले. तो नोकर नव्हताच, स्वतंत्र कंत्राटदार होता, तशी त्याची सही आहे म्हणे. सही! पोट हातावर असलेला माणूस कशावर सही करत नाही, मंडळी?

शेवटी मालकांनी एका सकाळी भोंगाच वाजवला नाही. पायडल गप्प. मालकांना हायसं वाटलं. तेवढ्यात गल्ल्यावर बसणारी त्यांची आत्या उठली आणि तिने बटण दाबलं. भोंगा वाजला, पायडल खाली गेलं.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "स्वतःच्या मर्जीचा धनी असता, तर मेल्यावरही तुझ्या भोंग्याला धावत आला असता का रे?"

मालकांनी पुन्हा सहीचं तुणतुणं लावलं. आत्या बधली नाही. यंत्र कोणाचं, वेळ कोण ठरवायचं, त्याला ताप होता तेव्हा भावाला बदली पाठवू दिलंस का, बाहेरचं काम घेऊ दिलंस का, असं ती विचारत गेली. यंत्र माझं, वेळ मी ठरवायचो आणि बाकी दोन्हींना नाही, असं मालकांना कबूल करावं लागलं.

दुपारी त्यांनी इस्त्रीवाल्याच्या बायकोला बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ताई, ते आमचेच कामगार होते. भरपाई आम्हीच द्यायची. मी खोटं बोललो."

ती त्या यंत्राजवळ गेली. मग म्हणाली, "त्यांना कधी सुट्टी मिळाली नाही. तेवढीही द्या."

मालक कोपऱ्यात गेले. "जा बाबा," ते पायडलला म्हणाले, "आता सुट्टी."

दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला. पायडल हललं नाही आणि एप्रन कोरडा होता. मालक मात्र अजूनही बटण दाबण्याआधी एकदा त्या कोपऱ्याकडे बघतात.

तेव्हा मंडळी, आपल्याकडे राबणारा माणूस नोकर की कंत्राटदार, हे नुसत्या कागदाला विचारू नका. तो कोणाच्या भोंग्याला उठतो ते बघा. भोंगा आपला असेल, तर माणूसही आपलाच आहे.