कबुतरापुरती जागा

“सात नंबर जरा मोठ्याने वाच,” समुपदेशक बाई म्हणाल्या.

मी पडद्याकडे बघत वाचलं, “‘तू कुठे आहेस त्याचा पुरावा दे, फोटो पाठव, असा हट्ट धरतो.’”

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरला. प्लंबरचा फोटो आला होता.

प्लंबर म्हणजे ती. आईच्या हाती फोन लागला तर भानगड नको, म्हणून मी तिचा नंबर त्या नावाने ठेवला होता. आईने एकदा विचारलंही होतं, “अरे, हा प्लंबर रोज पोहोचल्याचं कळवतो, मग आपल्याकडे येत का नाही? नळ दोन महिने गळतोय.”

फोटोत ती वाचनालयात बसली होती. हातात आजचं वर्तमानपत्र, तारीख दिसेल असं धरलेलं. ओलीस ठेवलेल्या माणसाचा फोटो काढतात तसं. वाचनाची सवय लागेल, असं मीच तिला समजावलं होतं.

“छान,” बाई म्हणाल्या. “अगदी नेमकं आलंय. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुली हेच सांगतात.”

मी फोन पालथा घातला.

मामाच्या छपाईच्या दुकानात मी दोन वर्षं काम करतोय. पोस्टर, फ्लेक्स, लग्नपत्रिका, हरवलेल्या मांजराचे फोटो. मामाचा एकच नियम आहे: गिऱ्हाइकाने प्रूफवर सही केली की देव आला तरी स्वल्पविराम हलत नाही. बाईंनी सही केली. मथळा होता ‘हे प्रेम नव्हे : ओळखायच्या दहा खुणा’. चाळीस प्रती, शाळा-कॉलेजं आणि वाचनालयांत लावायला.

बाई गेल्यावर मी खुणा पुन्हा वाचल्या. आपला काही संबंध नाही, याची खात्री करून घ्यावी म्हणून.

एक, पासवर्ड मागतो. मागितला होता, पण माझाही दिला होता. बरोबरी. तीन, मित्रमैत्रिणींपासून तोडतो. तोडलं नव्हतं, फक्त तिच्या एका मैत्रिणीचं हसणं मला पटत नाही, असं चारदा सांगितलं होतं. पाच, प्रत्येकावर संशय घेतो. हे मात्र अन्यायाचं होतं. मी प्रत्येकावर घेत नव्हतो. तिचे गणिताचे सर, समोरच्या घरातला पोरगा, आणि एकदा दातांचे डॉक्टर. एका दाढेसाठी पाऊण तास कोण कुणाच्या तोंडात बघत बसतं?

आठ, धरतो, अडवतो, ढकलतो.

इथे मी जरा थांबलो. आधी, म्हणजे वर्तमानपत्राच्या आधी, आमच्यात घड्याळाची पद्धत होती. फोटोत वाचनालयाच्या भिंतीवरचं घड्याळ यायला हवं. तीन दिवस सलग घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. मी तपास लावला: एकाच दिवशी काढून ठेवलेले फोटो ती रोज एकेक पाठवतेय. बसस्टॉपवर तिला गाठलं आणि मनगट धरलं. “खरं सांग, फोटो कधीचे?”

“घड्याळ बंद आहे रे.”

“वा! नेमकं तेव्हाच बंद पडलं?”

“सोड. दुखतंय.”

मी लगेच सोडलं नाही. तिच्या घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः वाचनालयात जाऊन पाहिलं. घड्याळ बंद होतं. मी माफी मागितली, चॉकलेट दिलं, आणि वर्तमानपत्राची पद्धत सुरू केली. ती तेव्हापासून पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागली, एवढंच.

तरी आठ नंबर मी तसाच ठेवला. धरणारे, ढकलणारे जगात पुष्कळ असतात, वाचणाऱ्याला दुसरं कुणीतरी आठवेल. पण सात नंबर बाईंनी माझ्या फोनमध्ये डोकावून लिहिल्यासारखा होता. पोस्टर तिच्या वाचनालयातही लागणार होतं.

मामा जेवायला गेला होता. मी सात नंबर काढून टाकला. आठचे सात केले, नवाचे आठ, दहाचे नऊ. मध्ये चार बोटं जागा उरली. ती मोकळी दिसू नये म्हणून तिथे एक कबूतर टाकलं. खालचा मदतीचा फोन नंबरही थोडा मोठा केला, तेवढंच पुण्य. मग चाळीस प्रती काढल्या, गुंडाळल्या, पॅक केल्या. मथळ्यातल्या ‘दहा’कडे माझं लक्षच गेलं नाही. तीनशे फोटोंतले काटे तपासणारा मी, मला दहापर्यंत मोजायचं सुचलं नाही.

पाचव्या दिवशी तिचा निरोप आला. ‘सहाला बसस्टॉपवर ये.’ सोबत फोटो नव्हता. मी पाऊण तास आधी जाऊन उभा राहिलो, ती कुणाबरोबर येते ते बघायला.

मैत्रिणीबरोबर आली. तीच, हसणं न पटणारी. मैत्रीण पंधरा पावलांवर थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. हसत नव्हती. ते तर त्याहूनही पटलं नाही.

“हिला कशाला आणलंस?”

“एकटी भेटू नकोस, असं सांगितलंय मला.”

“कुणी?”

तिने दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांमध्ये अडकवून घेतले.

“पोस्टर तू छापलंस ना?”

“मामाचं दुकान आहे. मशीन छापतं.”

“वर दहा लिहिलंय. नऊच आहेत. मी तीनदा मोजलं.” ती आवाज न चढवता बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. “म्हणून खालच्या नंबरवर फोन केला. म्हटलं, दहावी कुठली? त्यांनी सांगितली.”

मी बस येतेय का ते बघितलं.

“का काढलीस?”

“जागा पुरत नव्हती.”

“कबुतराला पुरली.”

कबूतर खरंच ऐसपैस बसलं होतं.

“हे बघ,” मी म्हटलं, “मला तुझी काळजी वाटते म्हणून...”

“मला तुझी भीती वाटते,” ती म्हणाली. “फोन वाजला की आधी हातातलं सगळं टाकते. मग मी वर्तमानपत्र शोधते. परवा एक आजोबा ते वाचत होते. मी त्यांच्या हातातून ओढून घेतलं.”

तिने डोळे पुसले नाहीत. हात पट्ट्यांमधून काढावे लागले असते.

“मी जाते आता. कुठे ते सांगणार नाही.”

माझा उजवा हात वर आला. मी तो पाहिला. दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा तो तिच्या मनगटाच्या उंचीवर हवेत थांबला होता, आणि ती एक पाऊल मागे सरकली होती. पंधरा पावलांवरची मैत्रीण आता सहा पावलांवर होती. मी हात खिशात घातला. दोघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई पोस्टर घेऊन दुकानात आल्या. मामाने सहीचं प्रूफ शोधून काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“ही ओळ कुठे गेली?”

“मशीनने खाल्ली असेल.”

“मशीनने ओळ खाल्ली आणि ढेकर देऊन कबूतर काढलं? मग असलं आणखी एक मशीन घेतो. तुझी गरज उरणार नाही.”

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत थांबल्या. त्यांना थांबायची सवय असावी.

“मी काढली,” मी म्हटलं. “ती माझ्यावर होती.”

मामाचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला.

“दहातल्या किती जुळल्या?” बाईंनी विचारलं. वजन-उंची विचारावी तसं.

“चार.” मग म्हटलं, “आठ नंबर धरून पाच.”

“कुणाला मारलंस?” मामा.

“मनगट धरलं. सोड म्हणाली तरी धरून ठेवलं.”

मामाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी पोस्टरच्या खालच्या नंबरवर बोट ठेवलं. “हा मुलांसाठीही आहे. गुरुवारी चारला बसतो आम्ही. तिथे तिच्याबद्दल काही विचारायचं नाही. फक्त स्वतःबद्दल बोलायचं.”

नंबर दिसलाच नाही असं मला म्हणता येईना. मीच मोठा केला होता.

ठरलं असं की सात नंबरच्या चिकटपट्ट्या छापायच्या आणि चाळीस ठिकाणी जाऊन मीच चिकटवायच्या, बरोबर कबुतरावर. पुढचे नंबर पेनाने सुधारायचे. एकोणचाळीस ठिकाणी तसं केलं. एका शाळेत शिपाई म्हणाला, “कबूतर बरं होतं की.”

वाचनालय मी शेवटी ठेवलं होतं. दुपारचं गेलो, ती कॉलेजात असेल अशा वेळी. फळ्यावर पोस्टर होतं. कबुतराच्या पोटावर निळ्या पेनाने, तिच्या त्या उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात, अख्खी ओळ लिहिलेली होती. खाली दुसऱ्याच कुणीतरी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, ‘माझा पण.’

पट्टीचा मागचा कागद मी सोलला होता. तो परत लावला, पट्टी खिशात ठेवली आणि पुढचे आकडे सुधारले.

वळलो तर खिडकीजवळच्या टेबलावर तिचं दप्तर. म्हणजे आली होती. समोरच्या खुर्चीपुढे एक पाण्याची बाटली, हिरवी, झाकण उघडं. मैत्रिणीची असेल. समोरच्या घरातल्या पोराची असेल. आजोबांची असेल. दोन पावलं पुढे गेलो असतो तर तिच्यावरचं नाव वाचता आलं असतं.

वरच्या बंद घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बाहेर आलो. बाटली कुणाची होती, ते मला अजून माहीत नाही.