दोन काटे

आठ दिवस मिस्त्री दोन काट्यांच्या भांडणात अडकला होता. तो काम करायचा त्या कापड रंगवायच्या कारखान्यात त्याचा मेहुणा बॉयलर सांभाळायचा आणि मुलगी रंगाच्या टाक्यांवर होती. मध्ये एक भिंत. अलीकडे बॉयलरवर वाफेच्या दाबाचा एक काटा, पलीकडे टाक्यांवर दुसरा. बॉयलरचा काटा धोक्याच्या लाल रेघेला टेकलेला, टाक्यांचा अर्ध्यावरही चढत नव्हता.

कारखान्यात दोन तट पडले. टाक्यांवाले म्हणायचे, बॉयलरवाल्यांना कोळसा टाकायचा कंटाळा आणि नाव काट्याचं. बॉयलरवाले म्हणायचे, माल हे बिघडवतात आणि वाफेवर ढकलतात. जेवायची बाकंसुद्धा वेगळी झाली. मामा-भाची एका घरात राहून एकमेकांशी बोलेनात.

सकाळी मॅनेजरने सांगितलं, आग वाढवा. मिस्त्रीने बॉयलरच्या काट्याकडे पाहिलं, तो लाल रेघेवरच होता. तरुणपणी त्याने फुटलेला बॉयलर पाहिला होता. पत्रे रस्त्यापलीकडे जाऊन पडले होते.

बायको असती तर तिने दोघांना समोरासमोर बसवलं असतं. भांडणात तिचा नियम एकच. आधी समोरच्याचं म्हणणं तू सांग. तो 'हो, हेच' म्हणाला की मग तुझं. तिला जाऊन सात महिने झाले होते.

मिस्त्रीने मुलीला हाताला धरून बॉयलरपाशी आणलं आणि मेहुण्याला आधी तिचं म्हणणं मांडायला सांगितलं.

"दाजी, इथे घरचे खेळ नकोत."

"तुझ्या बहिणीचा नियम आहे. सांग."

"हिच्या टाक्यांत वाफ पोचत नाही म्हणे."

"'म्हणे' काढा, मामा."

"बरं. पोचत नाही."

"हो, हेच."

मग तिची पाळी. मामाला खोटारडा न म्हणता त्याचं सांगायचं, म्हणून तिने आधी काटा स्वतः वाचला. "बॉयलरात दाब खरंच लाल रेघेवर आहे," ती म्हणाली.

"हो. हेच."

 प्रत्येकाने दुसऱ्याचा काटा खोटा धरला होता. दोन्ही बरोबर असतील, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

"म्हणजे मधला पाइप तुंबलाय," तो म्हणाला.

आठवडाभर मुलगी जो टोमणा मारत होती, तोच तिने आता हळू आवाजात प्रश्न म्हणून विचारला. "मामा, मग सेफ्टी व्हॉल्व्ह का उडत नाही?"

मामाने वर व्हॉल्व्हकडे पाहिलं; दाब रेघेवर गेला की तो आपोआप उघडून वाफ सोडायला हवा होता.  "चिकटलाय," तो म्हणाला. "पोरी, सगळ्यांना बाहेर काढ. तुमचे आणि आमचेही."

ती पळाली. मिस्त्री भट्टीतले निखारे बाहेर ओढायला वाकला, तर मेहुण्याने त्याला ढकलून दारापर्यंत नेलं. पोरीचं एक माणूस तरी राहू दे, म्हणाला.

रस्त्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांना खेटून उभी होती.  मिस्त्री कारखान्याच्या दाराकडे बघत उभा होता. मुलगी शेजारी होती. मामा आत होता.

बराच वेळ गेला. मग तो आला, कोपरापर्यंत काळा.

"आग काढली. काटा उतरायला लागलाय," तो भाचीला म्हणाला. "तुझा काटा किती होता, ते सांग आता. दोन्ही आकडे वहीत मिळून लिहू."

मिस्त्रीने खिशातली पेन्सिल काढून मुलीच्या हातात दिली.