मुसळाचे घाव

पोशेऱ्याच्या पाड्यावर बाया भात रोज सकाळी, त्या दिवसापुरतंच कांडत. मुसळाच्या आवाजावरून कोणाकडे किती जण जेवणार, हे शेजारणीला घरबसल्या कळे. हौशी आणि तिचा नवरा रघु दोघंच. तिचं मुसळ एरवी शंभर घावांच्या आत थांबे. १९९३च्या त्या जानेवारीत सलग तीन दिवस ते दोनशेच्या पुढे गेलं.

मुंबईत दंगल पेटली होती. इकडे जीपमधून बाहेरची माणसं मुसलमानांना शोधत फिरत होती. जो लपवील, त्याला घरासकट जाळू, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मोखाड्याच्या बाजारात कपडे शिवणारा जव्हारचा कुतुबुद्दीन, बायको बानू आणि सहा वर्षांच्या शिरीनला घेऊन रानातून रघुकडे आला होता. तिघे चुलीवरच्या माळ्यावर, पेंढ्यामागे दडले होते.

चूल पेटली की शिरीन घुसमटे. विझवावी, तर बिनधुराचं घर पाड्याच्या डोळ्यांत भरे. बानू तिच्या तोंडावर पदर दाबून धरी.

"भाकर दे, हौशीताई, भात नको," ती रोज विनवी. पण पाहुण्याला नुसती नागलीची भाकर द्यायला हौशीचा हात धजत नव्हता.

"हौशे, तुझा रघु दोन माणसांचं खातो का गं?" कुडापलीकडून सुकरीने विचारलं.

"मीच पोटुशी हाय."

"या वयात? मंग मलाबी औषध सांग!"

दुपारपर्यंत हौशीच्या मुसळाची ही थट्टा पाडाभर झाली. ओढ्यापाशी थांबलेल्या जीपवाल्यांनीही ती ऐकली.

"ठेवायचं का रानातून पुढं लावून द्यायचं?" हौशीने रघुला पुन्हा विचारलं. "तीन दिस झाले. तू कायतरी बोल ना."

रघुने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

अंगणात पावलं वाजली. चौघे होते, एकाच्या हातात रॉकेलचा डबा.

"रघुभाऊ," माळ्यावरून कुतुबुद्दीन कुजबुजला, "मी एकटा उतरतो. या दोघींना सांभाळ."

त्याने पाय खाली सोडला. रघु उठला आणि त्याने शिडीच काढून घेतली. ती भिंतीला आडवी ठेवून तो दारात गेला. वर शिरीन खोकली. पुन्हा खोकली.

"कोण आहे रे वर?" डबेवाल्याने विचारलं. "तू हिंदू ना? मग बाजूला हो."

 रघुने दोन्ही हातांनी चौकट धरली.

"माझी मानसं हायेत," तो म्हणाला. "नाय देनार."