आधी मंजुरी, मग डॉक्टर

माझी धाकटी बहीण डर्व्हला आणि तिचा नवरा फिन्टन आयर्लंडमधल्या एनिसमध्ये एका अरुंद घरात राहत. पदरी दोन मुली. फिन्टन शेतांवरून दूध गोळा करणारा टँकर चालवायचा. आमच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि जिना चढणं संपलं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर. वृद्धाश्रमाची गोष्ट निघाली तेव्हा फिन्टनच म्हणाला, "काही नको. म्हातारा आमच्याकडे येईल. खाली एक खोली असलेलं घर बघतो."

घर मिळालंही, चर्चच्या मागे. पण बँकेनं मंजूर केलेल्या कर्जात ते बसेना. जास्त कर्ज हवं तर पुन्हा सगळे कागद आणि वर मोठ्या रकमेचा आयुर्विमा. विम्याशिवाय बँक पैसे सोडत नाही.

नेमका ऑगस्टपासून फिन्टनचा घास अडकायला लागला. उकडलेला बटाटासुद्धा त्याला चहाच्या घोटाबरोबर ढकलावा लागे.

"डॉक्टरकडे जा ना रे," डर्व्हला म्हणायची.

"जाईन की. पण आत्ता गेलो तर तो तपासण्या लिहून देणार. विमावाल्यांना कळलं की त्यांनी कागद दाबून ठेवलाच म्हणून समज. तोवर घर दुसऱ्याच्या घशात."

"आणि तुझ्या घशाचं काय?"

"पित्त आहे गं! आधी मंजुरी, मग डॉक्टर."

विम्याच्या अर्जातल्या तब्येतीच्या प्रश्नांना त्यानं सगळीकडे 'नाही' लिहिलं. डर्व्हलानं शेजारी बसून ते पाहिलं. तिलाही ते घर हवं होतं.

फेब्रुवारीत मंजुरी आली. फोन त्यानंच केला मला. "सांग तुझ्या बापाला, बोचकं बांध म्हणावं!" त्या रविवारी डर्व्हलानं सफरचंदाचा केक केला. फिन्टननं सगळ्यांना वाढला, स्वतः मात्र चहाच प्यायला. तो किती वाळलाय, ते मला त्या दिवशी दिसलं.

घर नावावर झालं, बाबा खालच्या खोलीत राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात तो डॉक्टरकडे गेला. लिमरिकच्या दवाखान्यात घशात नळी घालून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"ऑगस्टपासून," डर्व्हला म्हणाली.

अन्ननलिकेत कर्करोगाची गाठ होती आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

मे महिन्यात फिन्टनलाही जिना चढवेना. बाबांची खोली त्याला द्यावी लागली; बाबा पुढच्या खोलीत सोफ्यावर.

"जावयानं खोली बळकावली की हो माझी," बाबा जड जिभेनं म्हणायचे.

"भाडं लावा मग," फिन्टन म्हणायचा. आवाज उरला नव्हता, तरी म्हणायचा. बाबा चालत्या हातानं त्याच्या ओठांना ओला कापूस लावत दिवसभर बसून राहायचे.

जूनच्या अखेरीस तो गेला.

विमा कंपनीनं डॉक्टरांकडे विम्याच्या आधीच्या नोंदी मागितल्या. नोंदी नव्हत्याच. तेव्हा तो गेलाच कुठे होता! पैसे आले आणि बँकेचं कर्ज एका दिवसात फिटलं. प्रार्थनेहून निघताना बायका डर्व्हलाचा हात धरून म्हणत, "घर तरी राहिलं बाई तुला." ती मान हलवायची. घरी आल्यावर एकदा ओट्याला टेकून मला म्हणाली, "हाताला धरून ओढत न्यायला हवं होतं गं मी त्याला." तुझा दोष नाही, असं मी म्हणाले. तिनं ते ऐकलंसुद्धा नाही.

बाबा त्या खोलीत जायला तयार नव्हते. शेवटी डर्व्हलानंच पलंग बदलला, स्वच्छ चादर घातली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं.

"चला बाबा. सोफ्यावर पाठ मोडेल तुमची."

"माझ्यापायी गेला पोरगा."

"चला," ती एवढंच म्हणाली. पलंगावर बसवून तिनं त्यांचे बूट काढले, आणि म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला.