गाबुरींचं अंगण

"एल्मीर, आपल्या घराण्याचा पहिला माणूस शोध. सापडला की त्याच्या थडग्याच्या पायाशी मेणबत्ती लाव. आणि काही झालं तरी त्या गाबुरींच्या अंगणात पाऊल ठेवू नकोस."

पप्पांचं हे शेवटचं सांगणं. मी दोन्हींना हो म्हटलं. ती दोन वचनं एकमेकांच्या आड येतील असं तेव्हा वाटायचं कारण नव्हतं.

गाबुरी आमचे शेजारी. हद्दीवर मेपलचं एक झाड आहे. त्याचा गोड रस धरायची बादली कुणी टांगायची, यावरून पप्पा आणि म्हातारे गाबुरी जन्मभर बोलले नाहीत. झाड मात्र दर वसंतात दोन्ही अंगांनी पाझरत राहिलं.

आमचं आडनाव सांसूसी. पण फ्रान्सहून कॅनडात, केबेकला आलेला पहिला सांसूसी मला कुठल्याच चर्चच्या दप्तरात भेटेना. आमच्याकडे बाप्तिस्म्याला प्रत्येक मुलगी मारी आणि प्रत्येक मुलगा जोसेफ. हाकेचं नाव त्याच्या मागून येतं. आम्ही बहिणी सगळ्या मारीच. दप्तर उघडलं की मारी-जोसेफांची जत्रा. पण मागे जाता जाता सांसूसी एका पिढीपाशी संपायचे, जणू आभाळातून पडले. पलटणीतलं टोपणनाव पुढे आडनाव व्हायचं, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. आमचं तसलंच, अर्थ 'बेफिकीर'. मूळ आडनाव विचारलं की पप्पा म्हणायचे, "आपल्याला दुसरं नाव कधी नव्हतंच."

रोज पहाटे रोझरीची जपमाळ झाल्यावर मी घरच्या मृतांची नावं घेते. शेवटी म्हणायचे, "आणि तो पहिला, त्याचं नाव तुला ठाऊक." देवाला ठाऊक होतंच; पण आपल्याच माणसाला नावाने हाक मारता येऊ नये, याची रुखरुख लागायची.

ईस्टर जवळ आला होता, त्याआधीचे उपास चालू होते. रविवारची मिस्सा-प्रार्थना संपली तेव्हा म्हाताऱ्या गाबुरींचा मुलगा तेओदूल चर्चच्या पायऱ्यांवर टोपी चुरगळत उभा होता.

"एल्मीरबाई, सापडला का तुमचा बेफिकीर?"

"आज आमची आठवण? यंदा रस पाणचट निघालेला दिसतोय."

"रस फक्कड आहे. चाखा म्हटलं असतं, पण तुमचे उपास." तो खाकरला. "टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत आमच्या मूळपुरुषाच्या थडग्यावर लोखंडी क्रूस आहे ना, तो काल रंगवायला घेतला. जुना रंग खरवडला तर खाली अक्षरं निघाली."

"कसली?"

"ऑनोरे गाबुरी, उर्फ सांसूसी."

मी पायरीवर बसलेच. त्या क्रूसापुढून किती वेळा गेले होते, शेजारधर्म म्हणून मान तेवढी लववत.

"आजोबा सांगायचे, त्याला दोन मुलगे. थोरल्याने आडनाव ठेवलं, धाकट्याने पलटणीतलं नाव. धाकट्याचं पुढे काय झालं, ते कुणी सांगितलंच नाही."

"शेजारी राहायला आला, दुसरं काय."

तेओदूल हसायला लागला. "म्हणजे आपल्या बापांची भाऊबंदकीच होती की. तरीच इतकी टिकली. मग आता बाई म्हणू की ताई?"

"ताई म्हणा. मोठी आहे तुमच्याहून. आणि बादली आमच्या अंगाला सरकवलीत, ती आधी हलवा."

"घ्या. नातं लागलं नाही तोच वाटणी." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "चला, आमच्या अंगणातून टेकडी जवळ पडते."

"अंगणातून नाही यायची मी. पप्पांना शब्द दिलाय."

"अहो ताई, दुसरी वाट टेकडीला वळसा घालून जाते. बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. बूट जातील."

"बूट धुता येतात."

"वेडं घराणं आहे."

"कोणत्या बाजूचं?"

"आता दोन्ही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रोझरी झाली. सगळी नावं घेतली आणि शेवटी म्हटलं, "आणि ऑनोरे." मेणबत्ती रुमालात गुंडाळली, पप्पांचे रबरी बूट चढवले आणि गाबुरींचं फाटक डावीकडे सोडून चिखलाच्या रस्त्याला लागले.