पलंगाला लावायचा स्टँड

आधी हेमलताताईंचं कपाळ गेलं. मग डोळे गेले, गाणारं तोंड गेलं, गळा गेला. फोन ज्या स्टँडवर होता तो भर भजनात हळूहळू मान टाकत होता. छातीवर टाळ धरलेले हात क्षणभर दिसले, तेही गेले आणि उरली नुसती चादर. आवाज मात्र तसाच, खणखणीत. ताई डोळे मिटून म्हणतात.

मी माझ्या फोनवर बोट मारमारून माईक सुरू करायला बघत होते. पण ऑनलाइन भजनात आवाज मागेपुढे होतात, म्हणून ताईंचा सोडून बाकी सगळ्यांचे माईक त्यांची सून शिवांगी तिकडूनच बंद करून ठेवते. शिवांगीला फोन लावला तर तो एंगेज. ती शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये.

शेवटी स्टँड पलंगाच्या कडेवरून पार खाली वळला, आणि पडद्यावर आली ती कडेला अडकवलेली लघवीची पिशवी. अर्धी भरलेली. गाझियाबाद, नोएडा, द्वारका, सगळीकडच्या बायकांच्या फोनवर. एकीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकीनं स्वतःचा कॅमेरा बंद केला, जसं काही तिचंच अंग उघडं पडलं होतं. आणि ताई आपल्या देवाला आळवत होत्या.

मी फोन ठेवला आणि आतल्या खोलीत गेले.

आतल्या खोलीत आमचे हे बसतात. दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्यापासून हरीशरावांनी एक नवं खातं उघडलं आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या वस्तूंवर अभिप्राय लिहायचं. मोबाइलचे स्टँड, कॅमेऱ्याच्या तिपाया, टीव्ही भिंतीवर टांगायचे ब्रॅकेट. इंग्रजीत लिहितात, फायलीवर शेरा मारावा तसं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं की लोक म्हणतात, "हरीशजी से पूछ लो." ते ऐकलं की यांची छाती फुगते. नोकरीत यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

यांच्या हातून भिंतीत एक खिळा सरळ गेलेला मी पाहिलेला नाही. आमचा टीव्ही इलेक्ट्रिशियननं बसवला. हे टॉर्च धरून उभे होते, तोही आपल्याच पायांवर. गाडीत फोन लावायचा चिकटणारा होल्डर आणला तेव्हा डॅशबोर्डवरच्या गणपतीची जागा त्याला दिली आणि गणपतीला खालच्या कप्प्यात कोंबलं. जूनमध्ये पानिपतच्या रस्त्यावर उन्हानं तो गोंद वितळला आणि फोन थेट ब्रेकखाली गेला. घरी येऊन यांनी त्यावर लिहिलं, 'उत्तम पकड.'

"अहो, हेमलताताईंचा स्टँड वाकला," मी म्हटलं.

"वाकणार नाही. मी सुचवलेला आहे."

"वाकला. त्यांची पिशवी दिसली सगळ्यांना."

"कसली पिशवी?"

मी सांगितलं. यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यूजर एरर," म्हणाले. "त्यांनी पकड नीट आवळली नसणार. बायकांना वाटतं फिरवलं की झालं."

खुब्याचं हाड मोडून दीड महिना आडव्या पडलेल्या बाईनं पकड आवळायची होती. ताईंना उठून बसता येत नाही. दोन्ही हातांत टाळ, म्हणून फोन वरून कशाला तरी टांगलेला हवा. हे सगळं मीच यांना समजावून सांगितलं होतं, आणि यांनी मान हलवून म्हटलं होतं, "बिल्कुल. माझ्याकडे एक आहे, रॉक सॉलिड. लिहिलंय मी त्यावर." शिवांगीनं यांच्या शब्दावर मागवला. मीच तिला म्हटलं होतं, काका सांगतायत तर घे.

"तुमचा तो स्टँड काढा," मी म्हटलं. "तुम्ही वापरलेला. बघू तो किती वेळ उभा राहतो."

"आत्ता कुठं शोधू? माळ्यावर असेल."

"मी चढते."

"अगं, राहू दे ना, गुडघे..."

मी स्टूल घेऊन चढले. माळा म्हणजे यांचं कोठार. तीन तिपाया, गोल दिव्यांची खोकी, आणि त्यांच्या मागं तो. खोक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

मी खोकं आणून यांच्यापुढं टेबलावर ठेवलं. फोनवर यांचा अभिप्राय काढून तोही शेजारी ठेवला. 'गेले तीन महिने रोज वापरत आहे. तसूभरही हललेला नाही.' कित्येक लोकांना तो उपयोगी वाटला होता. तसं खाली लिहून येतं.

"कंपनीनं एक दिवा फुकट पाठवला होता त्याच्याबरोबर," हे म्हणाले. "म्हणजे, लाच नाही ती. सगळे घेतात. आणि अगं, इतके स्टँड बघितलेत मी, फोटोवरूनच कळतं."

"उघडलासुद्धा नाही तुम्ही."

तेव्हा ते चिडले. एरवी कधी चिडत नाहीत. चिडायला काही जपलेलं असावं लागतं. म्हणाले, "मग? ऑफिसात काय प्रत्येक फाइल वाचून सही करत होतो मी? खालच्यानं केलेली असायची, वरचा करणार असायचा. मधे मी करायचो. चालली ना इतकी वर्षं?"

मला त्यांचा राग येईना. रागावण्याइतकंही तिथं काही नव्हतं. इतकी वर्षं मी सकाळी डबा भरून दिला, तो या मधल्या सहीसाठी.

दुसऱ्या दिवशी शिवांगीचा फोन आला. "काकू, आई बिल्कुल ऐकत नाहीयेत. म्हणतायत, आता भजन दुसऱ्या कुणीतरी सांगावं. टाळ पण मला आत ठेवायला लावले. कल से ढंगानं जेवल्या पण नाहीत. मला इतकं गिल्टी वाटतंय ना..."

मी गेले. समोरच्याच टॉवरमध्ये राहतात. ताई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. आमचं हे भजनी मंडळ दिल्लीत ताईंनीच उभं केलं. घराघरांत फिरून बायका गोळा केल्या, टाळ धरायला शिकवलं. यजमान गेले त्या आठवड्यातही त्यांनी गुरुवार चुकवला नव्हता.

"ताई, कुणी काही म्हणत नाहीये," मी म्हटलं.

"म्हणत नाहीत ना, तेच." त्या भिंतीलाच बोलल्या. "बायकांनी माझं मूत बघितलं गं, कुमुद. आता मी देवाचं नाव काढलं तरी त्यांना तेच दिसणार."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि उठले.

घरी येऊन मी यांना सांगितलं, "गुरुवारी तुम्ही माझ्याबरोबर यायचं. ताईंना तुम्ही सांगायचं."

"काय सांगायचं?"

"तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवरही सांगेन."

मी हळूच बोलते. लग्न झाल्यापासून यांना तीच माझी खोड वाटते. पण आले. येताना एक नवा, जाडजूड स्टँड घेऊन आले. माझी खात्री आहे, त्यांना वाटत होतं की तो लावला की बोलायची वेळच येणार नाही.

ताईंच्या उशाशी बसून त्यांनी तो लावायला घेतला. पकड टेबलाच्या सपाट कडेसाठी केलेली, आणि ताईंचा पलंग भाड्यानं आणलेला दवाखान्याचा, गोल पाइपांचा. एकदा घसरली. खाली कागद घालून आवळली, तरी घसरली. शिवांगीनं विचारलं, "काका, यूट्यूबवर बघू का?" यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पाठीवर घामानं शर्ट चिकटला. तिकडं भजनाची वेळ झाली होती, शिवांगीच्या फोनवर बायका येऊन बसायला लागल्या होत्या. ताई छताकडं बघत पडल्या होत्या.

मी यांच्याकडं नुसतं बघितलं.

"वहिनी," हे म्हणाले, आणि थांबले. हातातला स्क्रू फिरवत राहिले. "तो पहिला स्टँड... मी वापरला नव्हता. खोकंच उघडलं नव्हतं."

ताईंनी मान वळवली.

"अच्छा," म्हणाल्या. "म्हणजे न बघताच सांगितलंत."

"हो."

"आणि कुमुदनं तुम्हाला आज धरून आणलं."

"हो."

मला वाटलं आता ताई यांना बाहेर जायला सांगतील. हेही तेवढ्यासाठीच उठायला लागले होते, सुटल्यासारखे.

"मग ते लोखंड ठेवा बाजूला," ताई म्हणाल्या. "शिवांगी, टाळ आण माझे. आणि पिशवीवर टॉवेल टाक. भाऊजी, फोन तुम्ही धरायचा. माझ्या तोंडावर, वरून. तोंड आणि टाळ दिसले पाहिजेत, बाकी काही नाही. आता बघून धरा."

"उभ्यानं?"

"बसून कसा धराल?"

"साधारण किती वेळ असतं?"

ताईंनी शिवांगीकडून टाळ घेतले. शिवांगीनं तोंड फिरवून हसू दाबलं.

हे पलंगाशी वाकून उभे राहिले. "आडवा धरू की उभा?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "कसाही धरा, खाली नको." आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिल्या भजनाला आवाज थोडा कापला. बायकांच्या चौकोनांमध्ये सगळ्या एकदम सरळ बसलेल्या मी माझ्या फोनवर पाहिल्या. त्या दिवशी कॅमेरा बंद करणारीही होती. दुसऱ्या भजनाला ताईंचा आवाज चढला. टाळ वाजायला लागले तसं हेमलताताईंचं जुनं तोंड परत आलं. ठेक्याला हनुवटी पुढं काढणारं, चुकणाऱ्या बाईवर डोळे मिटूनही भुवई उडवणारं.

तिसऱ्या भजनाला यांचा हात भरून आला. त्यांनी दुसरा हात कोपराखाली घेतला. नेहमी ताई पाच भजनं म्हणतात. पाचवं संपलं, यांनी सुस्कारा सोडला, आणि ताईंनी डोळे न उघडता सहावं उचललं.

यांनी माझ्याकडं बघितलं. घे ना जरा, असं डोळ्यांनी म्हणाले. मी टाळ्या वाजवत होते, माझेही दोन्ही हात गुंतलेले होते.

मांडीवरच्या माझ्या फोनवर ताईंचा चेहरा हलत होता. कधी कपाळ कापलं जाई, कधी नुसतंच छत येई. पण गळ्याखाली टाळ आणि टाळांखाली चादरीची कड, तिच्या खाली कॅमेरा एकदाही उतरला नाही.

ताईंनी सातवं सुरू केलं.