चौकटीखालची ओळ

मी एक जुना तक्ता आहे. मित्रांनो, भिंतीवरचा तक्ता म्हटलं की तुम्हाला पाढे आठवतील, नाहीतर फळांची चित्रं. माझ्यावर त्यातलं काही नाही. माझ्यावर नुसते आकडे आहेत आणि ते एका ताईने स्वतः मोजून लिहिले आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्याबद्दल फार वाईट बोललं गेलं.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून संगणक दुरुस्तीचं दुकान चालवत. काही गिऱ्हाइकांचं कंपनीने ठरवून दिलेल्या वेगावर भागत नसे. मग ताई त्यांच्या संगणकातला प्रोसेसर जरा जास्त वेगाने पळवून देई. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ऐकायला सोपं, पण काम जोखमीचं. वेग वाढवला की वीज जास्त द्यावी लागते, वीज वाढली की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की चुका करू लागतो. माणसाचंही तसंच होतं म्हणा.

किती वेगाला किती व्होल्टेज आणि त्याने तापमान कुठवर चढतं, हे ताईने एका हिवाळ्यात शोधून काढलं. एका वेळी एकच पायरी चढायची, मग संगणक दिवसभर कामाला जुंपायचा आणि संध्याकाळी आकडा लिहायचा. खिडकी मुद्दाम उघडी ठेवून ती शाल पांघरून बसे. एखादा दिवस फसला तर दुसऱ्या दिवशी तीच पायरी पुन्हा. अशा माझ्या अठरा ओळी झाल्या. त्यांच्या खाली, कागदाच्या अगदी कडेला तिने पेन्सिलीने लिहिलं, "मोजमाप थंडीतलं, खिडकी उघडी. शेवटच्या चार ओळी उन्हाळ्यात वापरू नयेत." माझ्यावरचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

भावाला माझं कोण कौतुक! येईल त्याला तो माझ्यापुढे उभा करी आणि ही आमच्या ताईची मेहनत म्हणून सांगे. एक दिवस त्याने मला चौकट करून आणली. वर काच, मागे पुठ्ठा आणि चारही बाजूंनी दोन बोटं रुंद लाकडी पट्टी. खालच्या पट्टीने पेन्सिलीची ती ओळ गिळून टाकली. ताई म्हणाली, छान दिसतोय. तिला ती ओळ तोंडपाठ होती, त्यामुळे ती दिसेनाशी झाल्याचं तिच्या ध्यानातच आलं नाही. मीही त्या दिवशी मिरवून घेतलं. माझी अक्कल तेवढीच.

पुढे ताईच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना तिने आपला फोन नंबर माझ्या शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि अडलं की विचार, असं भावाला बजावलं.

ऐन उन्हाळ्यात नकाशे काढणाऱ्या एक बाई आल्या. गावाच्या पाण्याच्या पाइपांचा नकाशा त्या वर्षभर काढत होत्या आणि संगणक फार रडतखडत चालत होता. ताईचं नाव ऐकूनच त्या आल्या होत्या. भावाने माझ्याकडे पाहिलं, थेट शेवटची, अठरावी ओळ उचलली, चहा होईपर्यंत संगणक चालवून बघितला आणि देऊन टाकला. अडलं नव्हतं, म्हणून फोनही केला नाही.

संगणक बंद पडला असता तरी परवडलं असतं. तो चालत राहिला आणि गुपचूप चुकत राहिला. एका गल्लीतला पाइप दुसऱ्या गल्लीत, काही गल्ल्या साफ गायब. राखून ठेवलेल्या प्रतीही त्याच संगणकावरून घेतलेल्या, त्याही नासल्या. बाईंनी दुकानात येऊन नकाशा टेबलावर पसरला आणि हरवलेल्या गल्ल्या एकेक करून बोटाने दाखवल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग भावाने ताईला फोन लावला.

"ताई, तुझा तक्ता चुकलाय. मी आकड्याच्या पुढे पाऊलही टाकलेलं नाही."

शेवटच्या ओळी वापरल्यास का, खालची सूचना वाचली नाहीस का, असं तिने विचारलं असावं. भावाने माझ्यासमोर येऊन मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खाली काहीच लिहिलेलं नाही गं."

मग तिचा आवाज मलाही ऐकू आला. "मग माझ्याकडूनच राहिलं असेल लिहायचं."

मित्रांनो, मी कागद आहे. मला बोंब मारता येत नाही.

ताईने बाईंची माफी मागितली, सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि हे काम कायमचं सोडलं. अठरा ओळींसाठी अख्खा हिवाळा काकडलेल्या ताईने स्वतःवरचाच विश्वास सोडला. भावाने मला रागाने भिंतीवरून ओढलं, तेव्हा मी पडलो आणि खालची पट्टी निखळली. त्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. खोडायचं धाडस त्याला झालं नाही आणि सांगायचंही झालं नाही. शेवटी त्याने हातोडी घेतली आणि पट्टी परत ठोकून बसवली.

आता मी कपाटामागे आहे. ताई अधूनमधून येते, भावासाठी काहीबाही करून आणते, संगणकांकडे मात्र बघत नाही. भाऊ तिच्याशी फार गोड बोलतो.

मित्रांनो, कुणाच्या कामाला खुशाल चौकट करा, पण पट्टीखाली काय दबलंय ते आधी बघा. उशिरा दिसलं, तर उशिरा का होईना, सांगा. ताईचा नंबर अजून भिंतीवर आहे. तो बदललेला नाही.